विज्ञान-शिक्षकाचे पुढील अध्ययन : कोणती पदवी आणि कशासाठी?

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून सहावी ते आठवीच्या वर्गांस विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांपुढे, नोकरीची चारपाच वर्षे झाली की, एक प्रश्न हमखास उभा राहतो. पुढे शिकावे असे वाटते. परंतु काय शिकावे, कोठे शिकावे आणि शाळा सांभाळून ते कसे साधावे, याचा उलगडा होत नाही. मग शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याने ज्या अभ्यासक्रमाचा अर्ज भरला तोच आपणही भरावा, असे घडते. दोनतीन वर्षे जातात, पदरचा पैसा जातो, पदवीचे प्रमाणपत्र हाती येते. आणि सातवीच्या वर्गात एखादा धडा शिकविताना जी अडचण पूर्वी येत असे, ती मात्र जशीच्या तशी राहते. पदवी वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या उणिवेसाठी औषध हवे होते, ती उणीव एक व घेतलेले औषध दुसरे, असा हा प्रकार होय.

विज्ञान-शिक्षकाच्या पुढील अध्ययनाच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. एक वाट विषयाची : बी.एस्‌सी., एम्‌.एस्‌सी. आणि त्यापुढे. दुसरी वाट अध्यापनशास्त्राची : बी.एड., एम्‌.एड. किंवा शिक्षणशास्त्रातील एम्‌.ए. आणि त्यापुढे. या दोन्ही वाटा एकाच डोंगरावर जातात असे समजून पुष्कळजण जी सोपी दिसेल ती धरतात. वस्तुतः एका वाटेने जे मिळते ते दुसरीने मिळत नाही. हे ध्यानात येण्यासाठी वर्गातील नेहमीचीच दोन उदाहरणे घेणे उपयुक्त होईल.

पाणी घातलेल्या ताटलीत जळती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालण्याचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. यावर वर्गात बहुधा असे सांगण्यात येते की, हवेत सुमारे एक पंचमांश प्राणवायू असतो, तो जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. स्पष्टीकरण सुटसुटीत आहे, मुलांना पटतेही. परंतु एखाद्या चौकस मुलाने विचारले की, "गुरुजी, प्राणवायू हळूहळू संपत गेला, तर पाणीही हळूहळू चढावयास हवे होते, ते मेणबत्ती विझल्यावरच एकदम का चढले?" तर उत्तर सापडत नाही. एका मेणबत्तीऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तर पाणी अधिक चढते. पेला तोच, त्यातील प्राणवायूही तेवढाच. मग पाणी अधिक कसे? खरी गोष्ट अशी की, ज्योतीच्या उष्णतेने पेल्यातील हवा प्रसरण पावलेली असते व तिचा काही भाग बाहेर निसटलेला असतो. ज्योत विझताच आतील हवा निवते, आकुंचन पावते आणि बाहेरील हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ज्योत विझते तेव्हा पेल्यातील सगळा प्राणवायू संपलेलाही नसतो. शिवाय जेवढा खर्च होतो त्याच्या मोबदल्यात कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. मेणाच्या ज्वलनात प्राणवायूची तीन मापे खर्ची पडली तर कार्बन डायऑक्साइडची सुमारे दोन मापे निर्माण होतात. वाफ मात्र थंड होऊन पाणी होते. म्हणजे आकारमानात थोडी घट होते हे खरे. पण पाणी चढण्याचे मुख्य कारण ते नव्हे. हे सर्व समजण्यास वायूंच्या वर्तनाचे नियम आणि रासायनिक समीकरणांचा हिशेब अंगवळणी पडलेला असावा लागतो. तो बी.एड.च्या वर्गात शिकवीत नाहीत. तेथे तो शिक्षकास आधीच येतो असे गृहीत धरलेले असते.

आता दुसरे उदाहरण. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, अशी समजूत मुलांच्याच नव्हे, तर पुष्कळ प्रौढांच्याही मनात असते. शिक्षकास खरे कारण ठाऊक आहे. तो फळ्यावर आकृती काढतो, समजावून सांगतो, मुले माना डोलावतात, परीक्षेत आकृतीही बिनचूक काढतात. तरीही चार महिन्यांनी विचारले असता सावलीची गोष्ट पुन्हा वर येते. येथे विषयाच्या ज्ञानात उणीव नाही. मुलाच्या मनात पूर्वीपासून एक कल्पना घट्ट बसलेली आहे आणि तिला कोणी हातच लावलेला नाही, ही खरी अडचण आहे. शुक्ल अष्टमीस सूर्यास्ताच्या वेळी मुलांना अंगणात उभे करून विचारावे : सूर्य पश्चिमेस मावळत आहे, तर पृथ्वीची सावली कोणत्या दिशेस पडेल? पूर्वेस. आणि अर्धा चंद्र कोठे दिसतो? जवळजवळ डोक्यावर. मग ही सावली त्याच्यापर्यंत पोहोचली कशी? अशा प्रश्नाने मुलाची जुनी कल्पना त्याच्याच डोळ्यांदेखत मोडते. मुलांच्या मनातील अशा पूर्वकल्पनांचा पद्धतशीर अभ्यास हे विज्ञान-शिक्षणशास्त्राचे एक मोठे दालन आहे. इंग्लंडमधील रोझालिंड ड्रायव्हर यांनी १९८३ मध्ये या विषयावर लिहिलेले पुस्तक जगभर वाचले गेले. भारतातही मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात या प्रकारचे संशोधन झाले आहे. हे ज्ञान एम्‌.एस्‌सी.च्या अभ्यासक्रमात मिळत नाही.

म्हणून शिक्षकाने अर्ज भरण्यापूर्वी स्वतःस एवढेच विचारावे की, वर्गात आपली गाडी अडते ती कोठे? पहिल्या प्रकारच्या प्रश्नाशी की दुसऱ्या? उत्तर प्रामाणिकपणे दिले तर वाट निवडणे फारसे अवघड राहत नाही. अवघड राहते ते त्या वाटेवर प्रवेश मिळविणे. आणि तेथे प्रत्येकाची पूर्वीची शैक्षणिक पात्रता आड येते.

प्राथमिक शाळांत डी.एड. होऊन आलेल्या शिक्षकांत बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झालेले पुष्कळ आहेत. त्यांपैकी अनेकांनी सेवेत असताना मुक्त विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले आहे. लहान शाळेत मनुष्यबळ कमी असल्यामुळे यांच्याकडेही विज्ञान येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९, हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावयास हवा. परंतु कायद्याने अनुसूची लिहिली म्हणजे प्रत्येक वाडीवरील शाळेत विज्ञानाचा पदवीधर येऊन बसतो, असे नाही. अशा शिक्षकास सरळ सांगितले पाहिजे की, बी.ए.च्या पदवीवर एम्‌.एस्‌सी.स प्रवेश मिळत नाही आणि बारावीस विज्ञान नसल्यास बी.एस्‌सी.चेही दार बंद असते. ज्याची तयारीच असेल त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीच्या पातळीवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित यांसारखे विषय नव्याने घेता येतात. या संस्थेत आधी बारावी झालेल्यांनाही ठरावीक विषयांपुरता प्रवेश मिळतो. मात्र असे स्वतंत्रपणे घेतलेले विषय पुढील प्रवेशास ग्राह्य धरले जातील की नाही, याचा लेखी खुलासा संबंधित विद्यापीठाकडून अगोदर घ्यावा. दोन वर्षे अभ्यास करून मग खिडकीवर नकार ऐकण्याची पाळी येऊ नये. वय पंचेचाळिशीच्या पुढे गेले असल्यास ही वाट धरावी, असे आग्रहाने सांगणे कठीण आहे. अशा शिक्षकांसाठी पदवीविना अध्ययनाचा मार्ग अधिक फलदायी ठरतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

बारावी विज्ञान व डी.एड. अशी पात्रता असलेल्या शिक्षकाची स्थिती याहून पुष्कळ बरी असते. आणि खरे पाहता पुढील अध्ययनाचे चीज सर्वांत अधिक त्याच्याच बाबतीत होते. त्याचा विज्ञानाचा पाया घातलेला आहे, इमारत तेवढी राहून गेली आहे. त्याने सोपी म्हणून भलत्याच विषयातील बी.ए. घेऊ नये. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. त्याच्या बी.एस्‌सी.मध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र असे विषय घेता येतात. तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम सहा वर्षांपर्यंत पुरा करण्याची सवलत या विद्यापीठाने दिलेली आहे. या सवलतीकडे आळशी माणसाची सोय म्हणून पाहू नये. हिशेब करून पाहावा. या विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास असे मानतात, आणि तीन वर्षांच्या या पदवीस १३२ श्रेयांक लागतात. म्हणजे एकूण ३९६० तास झाले. तीन वर्षांत हे उरकावयाचे तर सुट्टीचा दिवस न धरता रोज साडेतीन तासांहून अधिक वेळ द्यावा लागेल. शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचे काम, सर्वेक्षणे आणि घरचा संसार असताना हे कितीजणांना जमेल? तेच सहा वर्षांत विभागले तर रोजचे पावणेदोन तासांहून थोडे अधिक होतात. पहाटे उठणाऱ्या माणसास हे अशक्य नाही. पहिल्याच वर्षी सगळे विषय डोक्यावर घेऊन दुसऱ्या वर्षी नाद सोडून देण्यापेक्षा, आरंभीच सहा वर्षांचा बेत आखणे शहाणपणाचे होय.

दूरशिक्षणाने विज्ञान शिकताना कठीण जातात ती प्रात्यक्षिके. पुस्तके टपालाने येतात, आता भ्रमणध्वनीवरही येतात. परंतु ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून रंग पालटण्याचा नेमका क्षण पकडणे, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहणे, भिंगाचे नाभीय अंतर मोजताना तीन वेळा तीन निरनिराळी उत्तरे येणे आणि ती तशी का आली याचा विचार करणे, हे टपालाने येत नाही. त्यासाठी नेमून दिलेल्या अभ्यासकेंद्राच्या प्रयोगशाळेत सलग काही दिवस हजर राहावे लागते. पुष्कळ शिक्षक लेखी परीक्षा उत्तीर्ण होतात आणि प्रात्यक्षिकांच्या दिवसांत रजा न मिळाल्यामुळे अडकून पडतात. यास्तव प्रवेश घेतानाच केंद्र कोणते, तेथे कोणत्या विषयांची प्रयोगशाळा आहे, प्रयोगवर्ग साधारणतः केव्हा भरतात आणि गावाहून जाण्यायेण्यास किती वेळ लागतो, ही चौकशी समक्ष जाऊन करावी. जवळच्या केंद्रात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके होतात, पण भौतिकशास्त्राची होत नाहीत, असाही अनुभव येऊ शकतो.

ज्या शिक्षकाजवळ बी.एस्‌सी. आहे त्याला वाटा अधिक आणि म्हणून गोंधळही अधिक. विषयाच्या वाटेने जावयाचे तर एम्‌.एस्‌सी. आहे. तीन वर्षांची पदवी असलेल्यांस ती दोन वर्षांची पडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० प्रमाणे चार वर्षांची पदवी घेऊन येणाऱ्यांसाठी ती एक वर्षाची ठेवण्याची योजना आहे, परंतु आज सेवेत असलेल्या बहुतेकांचा तिच्याशी संबंध येत नाही. दूरशिक्षणाने एम्‌.एस्‌सी. करताना गणित हा विषय सर्वांत सोयीचा, कारण त्याला प्रयोगशाळा लागत नाही. सहावी ते आठवीस गणित व विज्ञान हे एकाच शिक्षकाकडे असतात, हे लक्षात घेता ही निवड चुकीची म्हणता येणार नाही. मात्र विज्ञानाच्या वर्गातील अडचण दूर होईल या अपेक्षेने गणिताची एम्‌.एस्‌सी. घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे. सातवीच्या वर्गास एम्‌.एस्‌सी. हवीच कशाला, असाही आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. पदव्युत्तर वर्गातील पुंजयामिकी सातवीत उतरत नाही. परंतु जो शिक्षक उत्तम बी.एस्‌सी. आहे त्याला वर्गापुरते विषयज्ञान पुरेसे असते, ही त्या आक्षेपाची दुसरी बाजू झाली. आणि मग त्याने दुसऱ्या वाटेचा विचार करणे अधिक रास्त ठरते.

त्या दुसऱ्या वाटेवर पहिला मुक्काम बी.एड.चा. सेवेतील शिक्षकांसाठी दूरशिक्षणाचे बी.एड. आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ते दीर्घकाळ चालवीत आले आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. व एम्‌.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचे केले आणि दूरशिक्षणाचे बी.एड. हे प्राथमिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेल्या सेवेतील शिक्षकांसाठी, तसेच प्रत्यक्ष वर्गात राहून मान्यताप्राप्त अध्यापक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी राखून ठेवले. विज्ञानाची अध्यापनपद्धती घ्यावयाची तर पदवीस विज्ञान असावे लागते. बी.ए. झालेला शिक्षक बी.एड.ला जाईल तेव्हा त्याला भाषेची किंवा इतिहासाची पद्धती मिळेल. वर्षानुवर्षे तो गावात विज्ञान शिकवीत आला आहे, ही गोष्ट तेथे जमेस धरली जात नाही.

याच २०१४ च्या नियमांतील एक तरतूद फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. एम्‌.एड.साठी बी.एड. झालेलेच पात्र असतात, असा सर्वत्र समज आहे. परंतु या नियमांनी डी.एड. व त्याबरोबर पदवी, दोन्हींत पन्नास टक्के गुण, अशी पात्रता असणाऱ्यांनाही एम्‌.एड.चे दार उघडले. म्हणजे डी.एड. झालेल्या बी.एस्‌सी. शिक्षकास एम्‌.एड.पूर्वी बी.एड.ची दोन वर्षे घालविलीच पाहिजेत असे नव्हते. परिषदेने २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आहे. तेव्हा कालावधी, पात्रता व अभ्यासक्रमाचे स्वरूप याबाबत ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षी कोणता नियम चालू आहे, हे पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नये.

एम्‌.एड. व शिक्षणशास्त्रातील एम्‌.ए. यांत फरक आहे. एम्‌.एड. हा अध्यापक घडविणाऱ्या अध्यापकाचा व्यावसायिक अभ्यासक्रम असून तो महाविद्यालयात हजर राहून करावयाचा असतो. शिक्षणशास्त्रातील एम्‌.ए. दूरशिक्षणाने करता येते. शिक्षणाचे तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांचा परिचय करून घेण्यास ते चांगले. परंतु ते म्हणजे एम्‌.एड. नव्हे. ज्या शिक्षकाची दृष्टी पुढेमागे अध्यापक महाविद्यालयात विज्ञानाची अध्यापनपद्धती शिकविण्याकडे आहे, त्याने आरंभीच जाणून असावे की, २०१४ च्या नियमांप्रमाणे त्या कामास विषयातील पदव्युत्तर पदवी आणि एम्‌.एड. अशा दोहोंची जोड लागते. एकट्या एम्‌.ए.वर ते साधत नाही. दोन्ही वाटा अखेर एकत्र येतात त्या या ठिकाणी.

नोकरीतून काही काळ मोकळे होऊन शिकण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी भोपाळ येथील प्रादेशिक शिक्षण संस्थेची माहिती अवश्य घ्यावी. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील या चार संस्था १९६३ च्या सुमारास निघाल्या, त्या मुख्यतः विज्ञानादी विषय आणि अध्यापनशास्त्र यांची फारकत होऊ नये म्हणूनच. विषय एका महाविद्यालयात आणि शिकविण्याची कला दुसऱ्या महाविद्यालयात, ही रीत मोडून दोन्ही एकत्र शिकविण्याचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला. महाराष्ट्र भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात येतो. तेथील चार वर्षांचे अभ्यासक्रम बारावीनंतरच्या मुलांसाठी असल्यामुळे सेवेतील शिक्षकास ते उपयोगी नाहीत. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या हुशार मुलास वा मुलीस मात्र ते सांगण्याजोगे आहेत. शिक्षकास स्वतःला तेथील एम्‌.एड.चा विचार करता येतो.

संशोधनाची हौस असणाऱ्यांसाठी पीएच्‌.डी. आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम्‌.फिल्‌. ही पदवी बंद केली आणि नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच्‌.डी. करण्यास, कार्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्रावर, मोकळीक दिली. दूरशिक्षणाने पीएच्‌.डी. करता येत नाही. तशी जाहिरात दिसल्यास ती खोटी समजावी. मुंबईत मानखुर्द येथे असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये स्थापन केले. तेथे विज्ञान-शिक्षण याच विषयात पीएच्‌.डी. करता येते. या केंद्राचा आणि ग्रामीण महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. डॉ. वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. त्यांच्या काळात, सत्तरच्या दशकात, जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत केंद्राने विज्ञान-शिक्षण सुधारण्याचा प्रकल्प चालविला. डॉ. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासाचा भर एका गोष्टीवर होता, ती म्हणजे पुस्तकाची भाषा. मुलांना विज्ञान अवघड जाते ते पुष्कळदा विज्ञान कठीण असल्यामुळे नव्हे, तर पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांच्या घरच्या बोलीहून फार दूर असल्यामुळे. आणि ज्या मुलांच्या घरी लिहिण्यावाचण्याची परंपरा नाही त्यांना ती भिंत अधिक उंच वाटते, असे त्यांनी मांडले. खेड्यातील शिक्षकास हे नव्याने सांगावे लागू नये. परंतु रोजच्या अनुभवाची गोष्ट मोजून, पडताळून कशी मांडावी, याचा हा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे.

आता पदवीविना अध्ययनाविषयी. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने शाळांतील विज्ञान-शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालविले आणि १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर त्यांचा विस्तार झपाट्याने झाला. भारतात १९६३ पासून त्याच धर्तीवर उन्हाळी संस्था भरू लागल्या. सुट्टीत काही आठवडे शिक्षकाने विद्यापीठातील प्राध्यापकांबरोबर बसावे, प्रयोग करावेत व पुन्हा शाळेत जावे, अशी ती कल्पना होती. परंतु प्राथमिक शिक्षकांच्या दृष्टीने याहून मोलाचा प्रयोग शेजारच्या मध्यप्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, १९७२ मध्ये किशोर भारती व रसुलिया येथील मित्रमंडळ केंद्र या संस्थांनी प्रयोगातून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये निघालेल्या एकलव्य या संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली. त्यातील शिक्षक खेड्यांतील साध्याच पात्रतेचे होते. उन्हाळ्यात ते शास्त्रज्ञांबरोबर बसून, पुढे मुले जे प्रयोग करणार ते सर्व स्वतः करीत. वर्षभर दर महिन्यास एकत्र येऊन काय फसले ते सांगत. टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञही त्या शिबिरांत शिक्षकांच्या प्रश्नांपुढे निरुत्तर होत व शोध घेऊन परत येत. मध्यप्रदेश शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. तो कायम राहावयास हवा होता, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. त्याची पुस्तके एकलव्यने प्रसिद्ध केली असून हिंदी वाचता येणाऱ्या कोणाही शिक्षकास ती उपयोगी पडतील. केंद्रातील चार शाळांच्या विज्ञान-शिक्षकांनी महिन्यातून एकदा बसून त्यांतील एकेक प्रकरण हाताने करून पाहण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. २०१७ पासून 'स्वयम्‌' या शासकीय संकेतस्थळावरही विज्ञानाचे व अध्यापनशास्त्राचे अभ्यासक्रम विनाशुल्क पाहता येतात. प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क भरावे लागते.

शिक्षक पात्रता परीक्षेचा विषय याहून निराळा आहे. तरी त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात, ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, आणि त्याहून कमी सेवा उरलेल्यांनाही पदोन्नतीसाठी ती आवश्यक राहील, असे म्हटले आहे. कोणतीही पदव्युत्तर पदवी या परीक्षेची जागा घेत नाही. जो शिक्षक अद्याप ही परीक्षा उत्तीर्ण झालेला नाही त्याने नव्या पदवीचा अर्ज भरण्यापूर्वी आपले मोकळे तास कोठे खर्चावयाचे याचा विचार करावा. सहावी ते आठवीच्या गटातील प्रश्नपत्रिकेत १५० गुणांपैकी ६० गुण गणित व विज्ञान यांना आहेत, त्यामुळे बी.एस्‌सी.चा अभ्यास चालू असलेल्याचा हा वेळ अगदीच दुसरीकडे जातो असे नाही.

राहता राहिली कागदपत्रांची बाजू. अध्ययन रजेची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत आहे. ती एका वेळी साधारणतः बारा महिने व सबंध सेवेत चोवीस महिने, अशी मर्यादित असते. ती हक्क म्हणून मागता येत नाही, आणि मिळाल्यास परत येऊन सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम असला तरी प्रवेशापूर्वी मुख्याध्यापक व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत रीतसर परवानगी घ्यावी. पदवी हाती आल्यावर सेवापुस्तकात नोंद घेण्याच्या वेळी पहिला प्रश्न त्या परवानगीच्या पत्राचाच निघतो. तोवर तत्कालीन अधिकारी बदलून गेलेले असतात आणि पत्राची प्रत कोणाच्या दप्तरी आहे हे कोणास सांगता येत नाही. म्हणून पोहोच घेतलेली एक प्रत घरी वेगळी ठेवावी.

संस्थेची मान्यता स्वतः पडताळावी. दलालाच्या किंवा जाहिरातीच्या शब्दावर जाऊ नये. दूरशिक्षणाच्या कोणत्या विद्यापीठास कोणत्या वर्षासाठी कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते, बी.एड. व एम्‌.एड. यांसाठी त्याशिवाय राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचीही मान्यता लागते. विद्यापीठ मान्य आहे एवढ्याने भागत नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम त्या विशिष्ट वर्षी मान्य असावा लागतो. राज्यांच्या विद्यापीठांना आपल्या हद्दीबाहेर दूरशिक्षण केंद्रे चालविता येत नाहीत; तेव्हा परप्रांतातील एखाद्या विद्यापीठाचे "केंद्र" तालुक्याच्या बाजारपेठेत माडीवर उघडलेले दिसले, की तेथे पैसे भरण्यापूर्वी चौकशी करावी. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशास दूरशिक्षण विभागाचा स्वतंत्र ओळखक्रमांक सक्तीचा झाला आहे. तो विद्यार्थ्याने स्वतः आयोगाच्या संकेतस्थळावर काढावयाचा असतो आणि त्यासाठी आधी श्रेयांक-पेढीत खाते असावे लागते. ही दोन्ही कामे प्रवेशाच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नयेत. गावात जाळे मिळत नसेल तर पंचायत समितीच्या ठिकाणी गेल्यावेळी ती उरकून घ्यावीत.